प्रोटीनच्या डब्यात शिसं येतं कुठनं? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळची पत्रं चाळली तर निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेनं २३ प्रोटीन पावडरी आणि शेक तपासले, त्यातल्या दोन तृतीयांशाहून जास्त मालात एका वेळच्या डोसमध्येच शिसं त्यांनी धरलेल्या दिवसाच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं, आणि मग ते फॉरवर्ड होत होत आपल्या सोसायटीच्या, तालमीच्या, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आलं, येताना आकडे सगळे गळाले आणि "पावडर म्हणजे विष" एवढंच राहिलं. म्हणून आज तेवढाच विषय घेते. केसगळती आणि पित्तवाल्यांनी रागावू नका, तुमची पत्रं पुढच्या अंकाला ठेवलीत.

ताई, माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला. वर्षभर जिमला जातोय आणि रोज दोन स्कूप चॉकलेट फ्लेवरची व्हे प्रोटीन घेतो. धाकटी १२ वर्षांची, तीपण दादाच्या डब्यातली दुधात घालून पिते, बारीक आहे म्हणून आम्हीही कधी अडवलं नाही. आता हे शिशाचं ऐकल्यापासून झोप उडालीय. डबा फेकून देऊ का?
– एक आई, राजारामपुरी

आधी धाकटीचं बंद करा, आजच. मुलाच्या डब्याचं नंतर बघू. दोघांना एकच माप लावता येत नाही, कारण मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं साधारण दहा टक्केच रक्तात उतरतं आणि लहान मुलांमध्ये तेच ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जातं, मूल जितकं लहान तितकं जास्त. शिवाय मेंदू अजून घडतोय. जागतिक आरोग्य संघटना तर सरळ म्हणते की मुलांच्या रक्तातल्या शिशाची अमुक एक पातळी सुरक्षित आहे असं सांगताच येत नाही. बारीक मुलीला अंडं द्या, शेंगदाण्याचा लाडू द्या, वरणावर तूप द्या. तरी वजन वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कदाचित जंत असतील, कदाचित काहीच नसेल आणि ती तुमच्या घराण्यावरच गेली असेल.

आता मुलाचं. झोप उडवून घेण्याआधी ती मर्यादा काय आहे ते समजून घ्या. कन्झ्युमर रिपोर्ट्सनं जी धरली ती दिवसाला ०.५ मायक्रोग्रॅम शिसं. ही कॅलिफोर्नियाच्या प्रॉप ६५ नावाच्या कायद्यातली, आणि ती ठरवताना ज्या डोसला काही वाईट परिणाम दिसला नाही तो डोस घेऊन त्याला १००० नं भागलेलं आहे. म्हणजे मुद्दाम खूप कडक. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याचा म्हणजे एफडीएचा संदर्भ आकडा वेगळा आहे, मुलांसाठी दिवसाला २.२ आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी ८.८ मायक्रोग्रॅम, आणि तोही पावडरीचा नाही तर दिवसभरातल्या सगळ्या खाण्यापिण्याचा मिळून. त्या २३ मध्ये सगळ्यात वाईट निघालेल्या मास गेनरच्या, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीच्या, एका सर्व्हिंगमध्ये ७.७ मायक्रोग्रॅम होतं, आणि मास गेनरची सर्व्हिंग म्हणजे एक स्कूप नव्हे हो, वाडगाभर पावडर असते ती. तेव्हा एका ग्लासानं कोणी आडवं होत नाही. पण म्हणून सोडूनही देता येत नाही, कारण शिसं शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं आणि ते हाडात जाऊन बसतं, रक्तातलं महिन्याभरात निम्मं होतं पण हाडातलं वीस-तीस वर्षं मुक्कामाला असतं. पावडर रोजची, जिम पाच वर्षं दहा वर्षं, आणि भात, मसाला, पाणी, धूळ यातून थोडं थोडं येतंय ते वेगळंच.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मला व्हेपेक्षा, म्हणजे दुधापासून केलेल्या त्या प्रोटीनपेक्षा, चॉकलेट जास्त खटकतं. कोकोच्या झाडाला जमिनीतलं कॅडमियम, म्हणजे शिशासारखाच दुसरा विषारी धातू, ओढून घ्यायची सवय आहे, आणि शिसं येतं ते नंतर, बिया उघड्यावर वाळवताना धूळ बसते त्यातून. क्लीन लेबल प्रोजेक्ट म्हणून एक अमेरिकन संस्था आहे, तिनं जानेवारी २०२५ मध्ये १६० प्रोटीन पावडरींचा अहवाल काढला, त्यात ४७ टक्के माल कुठल्या ना कुठल्या सरकारी मर्यादेच्या वर गेला, आणि चॉकलेटमध्ये व्हॅनिलाच्या चौपटीपर्यंत शिसं निघालं. तेव्हा हा डबा संपला की पुढचा बिनफ्लेवरचा किंवा व्हॅनिलाचा घ्या. चव आवडत नाही म्हणेल. म्हणू दे.

आणि दोन स्कूप कशाला? आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीनचा आहे, म्हणजे ६५ किलोच्या मुलाला रोज ५४ ग्रॅमच्या आसपास. वजनं उचलणाऱ्याला जास्त लागतं, खेळाडूंच्या आहारात १.४ ते २ ग्रॅम धरतात, तरी आकडा ९० ते १३० च्या मध्ये येतो. त्याच संस्थेनं मे २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रोटीन पावडर टाळाच असं म्हटलंय. मी तितकी कडक नाही, हॉस्टेल-मेसच्या पोरांचे हाल मला माहीत आहेत, पण घरी जेवणाऱ्या पोराला एक स्कूप पुष्कळ झाला. त्याच्या ताटात दिवसभरात काय पडतं ते एकदा लिहून काढा. आपल्याकडे एक गैरसमज असतो की तांबडा-पांढरा ओरपला म्हणजे प्रोटीन झालं, अहो ते फोडीत असतं, रश्श्यात नाही!

मी पूर्ण शाकाहारी, दूधपण सोडलंय. मटार आणि तांदळाची ऑरगॅनिक पावडर घेतो, व्हेपेक्षा बरीच महाग. आता म्हणतात की शिसं वनस्पतीच्या पावडरीतच जास्त. हे उलटं कसं? शुद्ध म्हणून तर जास्तीचे पैसे मोजले ना?
– आयटीवाला, कसबा बावडा

उलटं नाही, सरळच आहे, फक्त डब्यावर हिरवं पान छापलेलं असल्यामुळे तसं वाटत नाही. धातू कारखान्यातच पडतात असं नाही, बरेचसे जमिनीतून येतात. जमिनीत ते मुळातच थोडे असतात, त्यात खडकापासून बनवलेल्या फॉस्फेट खतातून कॅडमियमची भर, जुन्या शिशाच्या पेट्रोलचा धूर बसलाय तो वेगळा, खाणी-भट्ट्या असतील तर बघायलाच नको. झाड मुळातून ते उचलतं. भाताची तर आणखी वेगळी गंमत, शेतात पाणी तुंबवून ठेवलं की मातीतलं आर्सेनिक सुटं होतं आणि भाताचं रोप ते भराभर घेतं. गाय किंवा म्हैस मध्ये आली की फरक पडतो, तिनं खाल्लेल्या चाऱ्यातलं शिसं फार थोडं दुधात उतरतं, आणि व्हे म्हणजे चीज-पनीर करताना दूध फाटून जे पाणी निघतं त्याच्यापासूनच करतात.

दुसरं कारण आटवण्याचं. मटारात प्रोटीन वीस-पंचवीस टक्के, पावडरीत ऐंशी टक्क्यांपर्यंत नेतात, म्हणजे पिठूळ भाग काढून टाकतात आणि धातूंचा बराच वाटा प्रोटीनला चिकटून मागे राहतो. आपल्या गुऱ्हाळावर काहिलीत रस आटताना बघितलाय ना, पाणी उडून जातं पण रसात जे काही मिसळलेलं होतं ते ढेपेत येतंच, तसं. म्हणून कन्झ्युमर रिपोर्ट्सला वनस्पतीच्या पावडरीत दुधाच्या पावडरीपेक्षा सरासरी नऊपट शिसं सापडलं, त्यात मला नवल वाटलं नाही. ऑरगॅनिकचं तर विचारू नका. ऑरगॅनिक म्हणजे पिकवताना रासायनिक कीटकनाशक आणि रासायनिक खत घातलं नाही एवढंच, जमिनीत आधीपासून बसलेलं शिसं ऑरगॅनिकचं सर्टिफिकेट बघून उठून जात नाही. क्लीन लेबलच्या त्या पाहणीत ऑरगॅनिक मालात बाकीच्यांच्या तिप्पट शिसं होतं.

आपल्याकडच्या मालाचं काय, हे पुढं विचारालच, म्हणून सांगून टाकते. २०२४ मध्ये मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात केरळातल्या डॉक्टरांच्या गटानं भारतात मिळणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी छापली. त्यातल्या जवळपास ७० टक्के मालात लेबलवरचं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन जुळत नव्हतं, १४ टक्क्यांत बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकाचे अंश होते. प्रोटीनचा आकडा फुगवायची एक जुनी युक्ती अशी की लॅबमध्ये प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून हिशेब करतात, मग ग्लायसिन-टॉरिनसारखी स्वस्त अमिनो ॲसिडं मिसळली की आकडा वाढतो आणि स्नायूला मात्र काही मिळत नाही. चीनमध्ये २००८ ला बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन घातलं होतं तेही ह्याच मोजमापाला फसवायला.

तुम्ही आयटीवाले आहात म्हणून गणित तुमच्याकडूनच करून घेते. कंपनीला मेल टाका की माझ्या डब्यावरच्या या बॅच नंबरचा हेवी मेटलचा लॅब रिपोर्ट पाठवा. रिपोर्टवर आकडा पीपीएममध्ये असेल, किंवा मिलिग्रॅम प्रति किलो, दोन्ही एकच. १ पीपीएम म्हणजे पावडरीच्या प्रत्येक ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅम. तुमचा स्कूप ३० ग्रॅमचा आणि शिसं ०.०५ पीपीएम असेल तर एका स्कूपमध्ये १.५ मायक्रोग्रॅम, दोन घेतले तर ३. हे स्वतः काढा, कारण मेलमध्ये "विदिन लिमिट्स" एवढंच लिहून येईल आणि ती लिमिट कशासाठी, किती खाल्लं तर, ते लिहिलेलं नसेल. अजून एक मेख आहे, "नॉट डिटेक्टेड" वाचून लगेच खूश होऊ नका. शेजारी लॅबची किमान मोजमाप मर्यादा बघा, तिला एलओक्यू म्हणतात. ती ०.५ पीपीएम असेल तर "सापडलं नाही" याचा अर्थ ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये १५ मायक्रोग्रॅमपर्यंत असू शकतं आणि त्यांच्या मशीनला ते दिसलं नाही! मशीनचं नाव आयसीपी-एमएस असेल तर सहसा खूप खालपर्यंत मोजतं. लॅब एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त आहे का आणि रिपोर्टवर तुमचाच बॅच नंबर आहे का हेपण बघा, तीन वर्षांपूर्वीचा एकच रिपोर्ट सगळ्यांना पाठवणारे आहेत.

पावडर सोडायचीच झाली तर शाकाहारी माणसाला आपल्याकडे काय कमी आहे? सोयाबीनच्या वड्या १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन, शेंगदाणे २५, हरभरा-मूग-मसूर २० च्या पुढे. जमिनीतून आलेले धातू यातही असतात, पण ते आटवलेले नसतात आणि रोज वेगळं काहीतरी खाल्लं की एकाच शेतातला माल रोज पोटात जात नाही. शेंगदाणे घेताना मात्र सुरकुतलेले, काळपट, खवट दाणे निवडून टाका, अफ्लाटॉक्सिन तिथंच असतं.

ताई, मी गंगावेशीकडं तालमीत सराव करतो. वस्ताद म्हणतात पावडरचा डबा दिसला तर आखाड्यात पाय ठेवायचा नाही, थंडाई प्या. मित्र म्हणतोय दूध-बदामात बी मेटल असतंयच की, मग फरक काय? खरं कोण?
– एक पैलवान

दोघंही. धातू शून्य असलेलं अन्न या पृथ्वीवर मिळत नाही, मित्राचं बरोबर. पण प्रश्न किती आहे याचा असतो आणि तिथं वस्ताद जिंकतात, दुधात शिसं फार थोडं उतरतं हे वर सांगितलंच. आणि प्रोटीन म्हणाल तर तेही पुरतं. पहाटे दूध कट्ट्यावर उभं राहून अर्धा लिटर म्हशीचं धारोष्ण दूध घेतलं तर त्यातच १८-२० ग्रॅम प्रोटीन होतं, थंडाईत ५० ग्रॅम बदाम वाटले तर आणखी दहा. पावडरच्या एका मोठ्या स्कूपमध्ये २४-२५ असतं. म्हणजे पैलवानकीला पावडरीवाचून अडत नाही हे साधं गणित आहे, यात परंपरेचा अभिमान-बिभिमान मी आणत नाही. फक्त एक, कच्चं दूध घेण्यापेक्षा उकळून घ्या, धारोष्णचा नाद मला कळतो पण कच्च्या दुधातून येणारे जंतू तालमीचं नाव बघून माघारी जात नाहीत.

आता वस्तादांनाही विचारायचं ते विचारते. थंडाईची, ताकाची भांडी पितळेची आहेत का, आणि कल्हई कोणाकडून करून घेता? कल्हई शुद्ध कथलाची असते, पण कथील महाग म्हणून त्यात शिसं मिसळणारे असतात, आणि ताक, चिंच, टोमॅटो असं आंबट त्यात ठेवलं की ते उतरतं. ओळखीच्या कारागिराकडून समोर बसून करून घ्या, नाहीतर सरळ स्टील वापरा. हळद-दूध पीत असाल तर हळकुंड आणून दळून घ्या, सांगलीचा बाजार तर शेजारीच आहे. सुट्या पिवळ्याधमक हळदीची मला धास्ती वाटते, कारण रंग चढवायला लेड क्रोमेट लावायचा धंदा बांगलादेशात उघडकीला आलाय आणि भारतातल्या सुट्या हळदीतही शिसं सापडलेलं आहे.

तुम्ही राज्य, राष्ट्रीय पातळीवर खेळणार असाल तर पावडर टाळायचं धातूंपेक्षा मोठं कारण दुसरं आहे. सप्लिमेंटमध्ये लेबलवर न लिहिलेलं स्टेरॉइड किंवा उत्तेजक निघतं, आणि नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, चाचणीत सापडलं तर "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही, अंगात सापडलं म्हणजे जबाबदारी खेळाडूची. घ्यायचीच झाली तर एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट असा शिक्का बघा, त्यात बंदी असलेली द्रव्यं आणि जड धातू दोन्ही तपासतात. इन्फॉर्म्ड स्पोर्टचा शिक्का मुख्यतः बंदी असलेल्या द्रव्यांसाठी आहे, तो बघून धातूंचीही खात्री झाली असं समजू नका.

आणि तो मित्र मावा खातो का? सिगरेट? तंबाखूचं पान कॅडमियम जमिनीतून भरपूर ओढतं, सिगरेट ओढणाऱ्याच्या शरीरात न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट कॅडमियम असतं, ते मूत्रपिंडात साठतं आणि निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं घेतं. एका हातात मावा आणि दुसऱ्या हातात पावडरच्या कॅडमियमचा व्हिडिओ, असे पुष्कळ बघितलेत मी.

मी २९ वर्षांची, पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. हिमोग्लोबिन ९.५ आलंय. जिममधल्या मॅडमनी प्लांट प्रोटीन सुरू करून दिलं, सकाळी रिकाम्या पोटी घेते. चालू ठेवू का?
– ताराबाई पार्क

नको. इथं मी आकडेमोड करत बसणार नाही. तुमच्या बाबतीत चार गोष्टी एकाच वेळी जुळून आल्यात, पावडर वनस्पतीची, पोट रिकामं, लोह कमी, आणि पुढं गरोदरपण. रिकाम्या पोटी शिसं जेवणासोबतच्या कितीतरी पट जास्त शोषलं जातं, लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर शिसं आणि कॅडमियम दोन्ही आणखी शिरतात, आणि गरोदरपणात बाळाची हाडं बनवायला आईच्या हाडातलं कॅल्शियम निघतं तेव्हा आधी साठलेलं शिसंपण सोबत निघतं, ते वारेतून थेट बाळाकडे जातं. म्हणून आज घेतलेलं शिसं पुढच्या वर्षीचा प्रश्न होतो.

आधी हिमोग्लोबिनकडे लक्ष द्या, तुमच्या डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या आणि फॉलिक ॲसिड सुरू करा. प्रोटीनसाठी अंडी, दूध, डाळी, मासे-मटण जे घरात चालत असेल ते. किती दिवस घेतली आणि कुठली घेतली हे डॉक्टरांना सांगा, त्यांना गरज वाटली तर रक्तातल्या शिशाची तपासणी करून घेतील. आणि एक विचारते, लाजू नका, बऱ्याच जणींना असतं म्हणून. ॲनिमिया असला की माती, पाटीवरची पेन्सिल, भाजलेली चिकणमाती खावीशी वाटते, दुकानात गरोदर बायकांसाठी म्हणून पुड्या बांधूनसुद्धा मिळते. तसं काही होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्या मातीत शिसं असू शकतं आणि ते पावडरीपेक्षा कितीतरी जास्त निघतं. जिममधल्या मॅडमना शिव्या देऊ नका, पण तुमचा रक्ताचा रिपोर्ट न बघता डबा हातात द्यायला नको होता एवढं मात्र खरं.

शरीरातले धातू काढायला डिटॉक्स ज्यूस, क्ले, कोथिंबिरीचा रस घ्यायला सांगतात. केसांची टेस्टपण करतात. उपयोग होतो का? आणि माझं क्रिएटिनिन १.४ आलंय, पावडरीनं किडनी गेली का?
– उचगाव

ज्यूसनं नाही. कोथिंबीर भाजीवर घाला. क्ले म्हणजे मातीच, तिच्यातच शिसं असू शकतं. केसांच्या टेस्टवर शाम्पू, धूळ, डाय सगळ्याचा परिणाम होतो, शिशासाठी शिरेतून घेतलेल्या रक्ताची तपासणीच खरी. धातू बाहेर काढायची औषधं असतात, त्याला चिलेशन म्हणतात, ती विषबाधा झालेल्या माणसाला हॉस्पिटलमध्ये देतात कारण त्या औषधांनी शरीरातले बाकीचे उपयोगी क्षारही निघून जातात, घरी मागवून घ्यायची वस्तू नव्हे ती.

क्रिएटिनिनचं लगेच घाबरू नका. तुम्ही क्रिएटिन, म्हणजे जिमवाले घेतात ती दुसरी पावडर, घेता का? घेत असाल तर त्यानं आकडा वाढतो, स्नायू जास्त असले तरी वाढतो, टेस्टच्या आदल्या रात्री भरपूर मटण झालं असेल तरी. क्रिएटिन थांबवून काही दिवसांनी परत तपासा, लघवीतलं प्रोटीन बघा, डॉक्टर सिस्टॅटिन सी ही किडनीची दुसरी रक्ततपासणी सांगतील कदाचित. परत जास्तच आलं तर मात्र किडनीच्या डॉक्टरांकडे, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात गेलात तरी चालेल.

माझं सप्लिमेंटचं दुकान आहे. हल्ली गिऱ्हाईक येऊन "यात शिसं किती" विचारतंय, मी काय सांगू? आणि काही जिमवाले पांढऱ्या पिशवीत सुटी पावडर किलोवर विकतात, निम्म्या भावात, आम्ही बिलावर विकून आम्हालाच प्रश्न. त्यांचं कोणी बघतंय का?
– शाहूपुरी

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण गिऱ्हाइकानं कंपनीला मेल टाकला तर उत्तर येईलच असं नाही, पण महिन्याला पन्नास डबे उचलणाऱ्या दुकानदारानं डिस्ट्रिब्युटरला "बॅच रिपोर्टशिवाय माल उतरवणार नाही" असं सांगितलं तर येतं. प्रत्येक बॅचचा रिपोर्ट मागून घ्या, वर बावड्याच्या वाचकाला सांगितलं तसं स्कूपमागचं शिसं काढा आणि एका कागदावर लिहून काउंटरला चिकटवा, कुठला ब्रँड, कुठली बॅच, स्कूपमागे किती. ज्यांनी रिपोर्ट दिला नाही त्यांच्यापुढे "दिला नाही" लिहा. थोडा धंदा जाईल सुरुवातीला.

गिऱ्हाईक एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नंबर दाखवून "सरकारमान्य आहे ना" म्हणेल, त्याला सांगा की तो १४ आकडी नंबर कारखान्याचा किंवा विक्रेत्याचा परवाना आहे, हा डबा सरकारनं तपासलाय असं त्याचा अर्थ होत नाही. नंबर खरा आहे का ते फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर टाकून बघता येतं. डब्यावर हेल्थ सप्लिमेंट किंवा न्यूट्रास्युटिकल असं, आणि औषधी वापरासाठी नाही असं लिहिलेलं पाहिजे, कायद्यानं. रिकामे डबे भंगारवाल्याला अख्खे देऊ नका आणि गिऱ्हाइकालाही सांगा, झाकण फोडून, लेबल फाडूनच द्यायचे, नाहीतर तेच डबे परत भरून बाजारात येतात.

सुट्या पावडरीचं म्हणाल तर लेबल नाही, बॅच नाही, परवाना नंबर नाही, म्हणजे ती विकणंच बेकायदेशीर आहे, तिच्यात शिसं निघो न निघो. अन्न व औषध प्रशासनाच्या इथल्या ऑफिसात लेखी तक्रार द्या, पिशवीचा फोटो जोडा, पोच घ्या. त्याच फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवरही तक्रार टाकता येते. बिल देत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. दुकानदारानं दुसऱ्या विक्रेत्याची तक्रार केली की लोक धंद्यातली खुन्नस म्हणतात, म्हणून एखाद्या गिऱ्हाइकालाही सोबत घ्या.

आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे साध्या गिऱ्हाइकालाही विकत घेतलेला माल सरकारी फूड अ‍ॅनालिस्टकडून तपासून घेता येतो. अट एवढीच की घेतानाच विक्रेत्याला सांगायचं की मी हा तपासायला देणार आहे. फी आधी भरावी लागते, माल नियमात बसला नाही तर ती परत मिळते. तुमच्या दुकानात कोणी असं म्हणालं तर वाद घालू नका, सील असलेला डबा द्या, बिलावर बॅच नंबर लिहून द्या, आणि रिपोर्ट आला की त्याची एक झेरॉक्स मागून घ्या, काउंटरवर लावायला.